पी हळद आणि हो गोरी : आरसा, पडदा आणि मोबाइल

(वळ, ता. भिवंडी, जि. ठाणे इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



एक म्हण मी अर्धी म्हणतो, उरलेली तुम्ही पुरी करा. 'पी हळद...' बघा, मागच्या रांगेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. 'हो गोरी.' उतावळ्या माणसाला आपण असं म्हणतो. आज बी पेरलं आणि उद्या कणीस मागायला लागला, की त्याला ऐकवायचं, 'पी हळद आणि हो गोरी.'

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या म्हणीत दोन गोष्टी दिसतात. पहिली, गोरं व्हायची हौस क्रीमच्या डबीपेक्षा आणि मोबाइलपेक्षा जुनी आहे. त्यामुळे 'आमच्या काळी हे असलं नव्हतं' असं ज्येष्ठांनी म्हणू नये. दुसरी गोष्ट अशी, की आपल्या आज्या-पणज्यांना त्या हौसेचं हसूही येत होतं. हळद पिऊन कोणी गोरं होत नाही हे त्यांना माहीत होतं. ज्या समाजात गोऱ्या रंगाची ओढ होती, त्याच समाजाचं लाडकं दैवत काळं आहे आणि 'सावळा' हा शब्द आपण विठ्ठलासाठी मायेनं वापरतो. म्हणजे ओढही होती आणि तिच्यावरचा उताराही होता. आजचा माझा विषय हा, की गेल्या सव्वाशे वर्षांत ओढ वाढत कशी गेली आणि उतारा कमी कसा पडला.

हे बोलायला वळ हे ठिकाण मला फार योग्य वाटतं. अंजूरफाट्यावरून इकडे येताना दोन्ही बाजूंना गोदामं दिसतात. वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, दापोडा, माणकोली, सगळा हाच पट्टा. एके काळी इथे भातशेती होती. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला लागून, आणि नाशिक महामार्ग हाताशी, म्हणून व्यापाऱ्यांनी माल इथे साठवायला सुरुवात केली. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, पुढे ऑनलाइन खरेदी वाढली आणि गाळे आणखी मोठे झाले. मुंबई-ठाण्यातली एखादी मुलगी रात्री अकरा वाजता मोबाइलवर एक रील बघते, त्यातली क्रीम मागवते आणि ते पार्सल भिवंडीच्या एखाद्या गाळ्यातून निघतं. त्यावर बारकोड लावणारे हात कदाचित तुमच्यापैकीच कोणाचे असतील. रील तिथे दिसतं आणि डबी इथे हलते. या दोन टोकांना जोडणारी जी दोरी आहे, तिचा हा इतिहास आहे.

माणूस स्वतःला कधीपासून बघतो आहे?

जुन्या काळी गावात चेहरा बघायची सोय किती होती? हातात मावेल एवढा आरसा, तोही घरात एखादा. पूर्ण उंचीचा आरसा म्हणजे श्रीमंताघरची चैन. आयुष्यात फोटो निघायचा एकदा-दोनदा, लग्नात. म्हणजे बहुतेक माणसं स्वतःला फार कमी वेळा बघत. दुसऱ्यांना मात्र रोज बघत आणि ते दुसरे म्हणजे बहीण, जाऊ, शेजारीण. कोणाचं नाक बसकं, कोणाचे दात पुढे, कोणी उंच, कोणी ठेंगणी. शरीरं कशी कशी असतात हे डोळ्यांना आपोआप कळायचं.

त्यात पहिला मोठा बदल छापखान्यानं केला. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. तोवर मोठ्या चित्रकाराची तैलचित्रं राजवाड्यात असायची, आता लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं सामान्य माणसाच्या भिंतीवर आली. ही मोठीच लोकशाही होती, ते मान्य करू. पण त्यासोबत एकच एक चेहरा घरोघरी गेला. उजळ वर्ण, भरदार बांधा, मोठे डोळे. लक्षात घ्या, भरदार बांधा! आजच्या मापानं त्या देवींना कोणीही 'वजन कमी करा' म्हणालं असतं. सौंदर्याचं माप बदलतं, हे सांगायला यापेक्षा चांगला पुरावा नको.

दुसरा बदल रंगभूमीनं केला आणि हा आपल्या मराठी माणसांचा खास किस्सा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, जन्म 1888. 12 मार्च 1911 ला 'मानापमान' रंगभूमीवर आलं, त्यात ते भामिनी झाले. पुढे 1916 च्या 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी, 1919 च्या 'एकच प्याला'मध्ये सिंधू. त्या वेळी प्रतिष्ठित घरातल्या बायकांनी नाटकात काम करणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून स्त्रीभूमिका पुरुष करत. आणि गंमत बघा, बालगंधर्वांचं लुगडं नेसणं, पदर घेणं, केसांत गजरा माळणं, याचं अनुकरण पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गातल्या बायका करू लागल्या. बाईनं कसं दिसावं याचा महाराष्ट्रातला नमुना एक पुरुष ठरला! 'आदर्श स्त्री' ही गोष्ट निसर्गानं दिलेली नाही, ती रंगपटात तयार होते, हे आपल्या आजीच्या आजीनं प्रत्यक्ष पाहिलंय. फक्त कोणी तसं म्हटलं नाही.

या गोष्टीचा शेवटही ऐका. 1937 साली 'साध्वी मीराबाई' नावाचा चित्रपट आला, त्यात बालगंधर्व मीराबाई होते. वय पन्नाशीला टेकलेलं. रंगमंचावर प्रेक्षक दूर बसतो, मध्ये दिव्यांचा उजेड असतो आणि गाणं सगळं सांभाळून घेतं. कॅमेरा जवळ जातो. कॅमेऱ्यानं वय दाखवलं, बांधा दाखवला, आणि लोकांना ती मीराबाई पटली नाही. ज्या कलावंतानं एका पिढीला सौंदर्य शिकवलं, त्याला कॅमेऱ्यानं नापास केलं. आपल्या विषयातलं हे महत्त्वाचं वळण आहे. इथून पुढे आदर्श कॅमेरा ठरवू लागला.

डबी आणि पडदा

कॅमेरा आला की त्याच्या मागे दुकान येतं. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 1919 साली 'अफगाण स्नो' बाजारात आणली होती. चेहऱ्याला लावायची पांढरीशुभ्र स्नो, कित्येक वर्षं घराघरांत असायची. 1941 मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. लक्सच्या जाहिरातीतली पहिली भारतीय नटी आपली मराठी, पदवीधर बाई. जाहिरातीचा अर्थ सोपा होता. पडद्यावर हिला बघता ना, मग हा साबण वापरा.

1975 साली 'फेअर अँड लव्हली' आली. आता नुसता साबण राहिला नाही, कथा आली. सावळी मुलगी आधी उदास असते, क्रीम लावते, मग नोकरी मिळते, नवरा मिळतो, बापाची मान ताठ होते. आपल्याकडे 'मुलगी दाखवायचा' कार्यक्रम होताच, कांदेपोहे होतेच. वधू पाहिजेच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' हे शब्द होतेच. क्रीमनं ती भीती निर्माण केली नाही, आयती उचलली आणि डबीत भरून विकली. हे मी मुद्दाम सांगतोय. बाजार आकाशातून पडत नाही. आपणच घरात जी भीती पेरतो, तिचं पीक तो कापून नेतो.

पुढे रंगीत टीव्ही आला, केबल आली. 1994 मध्ये सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाल्या. रविवर्म्याची भरदार लक्ष्मी कधीच मागे पडली होती, आता शिडशिडीत बांधा आदर्श झाला.

नुसत्या चित्रानं शरीराबद्दलचं मत खरंच बदलतं का? याचं सर्वांत चांगलं उत्तर फिजी बेटांवर मिळालं. ॲन बेकर नावाच्या संशोधिका तिथे काम करत होत्या. फिजीत भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं मानत. पाहुण्याला पोटभर जेवू घालायचं, कोणी बारीक झालं तर काळजी करायची. आपल्याच गावासारखं! 1995 मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी, 1998 मध्ये, दुसऱ्या गटाची केली. खाण्याच्या विकाराची शक्यता दाखवणारे गुण 1995 मध्ये 12.7 टक्के मुलींना होते, ते प्रमाण 1998 मध्ये 29.2 टक्के झालं. बारीक होण्यासाठी मुद्दाम उलटी करणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, दुसऱ्या पाहणीत 11.3 टक्के होत्या. मुली थोड्या होत्या, साठ-पासष्ट, आणि दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या. तरी तीन वर्षांत एवढा फरक पडावा, हे विचार करायला लावणारं आहे.

मुलांचं काय?

इथे बसलेले दादा लोक म्हणतील, हे सगळं मुलींचं झालं. नाही. पुरुषाच्या शरीराचाही इतिहास आहे.

लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजात आले तेव्हा प्रकृतीनं किरकोळ होते. त्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष व्यायामात घालवलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या काळात इंग्रज म्हणत, अमुक जाती लढवय्या आणि तमुक दुबळ्या. परक्यानं दुबळं म्हटल्याची बोच त्या पिढीला होती. गावोगाव तालमी होत्याच, पुढे व्यायामशाळा निघाल्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले.

पण तालमीत आणि आजच्या जिममध्ये एक फरक बघा. तालमीत विचारायचे, 'जोर किती मारलेस? बैठका किती?' शरीर काय करू शकतं, हे माप होतं. तालमीत लाल माती असायची, मारुती असायचा. जिममध्ये चारही भिंतींना आरसे असतात. शरीर कसं दिसतं, हे माप झालं. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अंगानं लहान होते, 'पॉकेट डायनामो' म्हणत त्यांना. त्यांचे सिक्स पॅक कोणी मोजले नव्हते. आपल्या आगरी गावांत कबड्डी आहे. पकड करणारा पोरगा जाड आहे की काळा, हे मैदानावर कोणी विचारत नाही. पकड सुटली की धरली, एवढंच विचारतात. तालमीत दोषही होते. मुलींना तिथे जागा नव्हती, हा तर मोठाच दोष. पण 'काय करता येतं' हे माप तिथे होतं, आणि ते आपल्या हातून निसटतंय. म्हणून पोरं पटकन छाती भरावी म्हणून कोणीतरी दिलेलं इंजेक्शन घेतात. हीसुद्धा हळद पिणंच आहे.

मग मोबाइलनं नवं काय केलं?

इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये सुरू झालं. आपल्याकडे खरा फरक पडला सप्टेंबर 2016 नंतर, जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाल्यावर. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामचं रील भारतात सुरू झालं. जागा रिकामी राहिलीच नाही.

लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली एक साधी गोष्ट मांडली. माणूस स्वतःला तोलतो तो दुसऱ्याशी तुलना करून, आणि तुलना शक्यतो आपल्यासारख्याशी करतो. बालगंधर्व आपल्यासारखे नव्हते. ऐश्वर्या राय आपल्यासारखी नव्हती. 'ती सिनेमातली आहे बाई' असं म्हणून मन मोकळं व्हायचं. रीलमधली मुलगी मात्र शेजारच्या गावची असते. तिच्या मागे तशीच भिंत, तसाच पंखा, तशीच हळद. ती आपल्यातलीच वाटते. आणि तिचा चेहरा मात्र फिल्टरनं गुळगुळीत झालेला असतो, जबडा बारीक, डोळे मोठे. म्हणजे तुलना 'आपल्यासारखीशी' होते आणि समोरचा चेहरा खरा नसतो. हे पूर्वी कधीच घडलं नव्हतं.

दुसरं नवं म्हणजे, पुढच्या कॅमेऱ्यानं आपण स्वतःलाच दिवसातून वीस वेळा बघायला लागलो. तिसरं, गुण लगेच मिळतात, लाइक म्हणून, आणि सगळ्यांदेखत. चौथं, तुम्ही एका रीलवर जरा थांबलात की यंत्र ते टिपतं आणि तसलीच शंभर दाखवतं. कांदेपोह्यांचा कार्यक्रम वर्षातून दोनदा असायचा. आता तो रोज आहे आणि मुलगा-मुलगी दोघांचाही आहे.

हे कंपन्यांना माहीत नव्हतं असं नाही. सप्टेंबर 2021 मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी बाईंनी ती बाहेर आणली होती. त्यात कंपनीच्याच अभ्यासातली माहिती होती. ज्या किशोरवयीन मुलींना आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांतल्या 32 टक्के मुली म्हणाल्या, इन्स्टाग्राममुळे आणखी वाईट वाटतं. कंपनीचं म्हणणं असं, की हे चित्र एकांगी आहे, एकटेपणासारख्या इतर बाबतींत बऱ्याच मुलींना बरंही वाटतं. दोन्ही बाजू मी तुमच्यापुढे ठेवल्या. पण तिघींतली एक, हा आकडा आपण आपल्या घरातल्या, वर्गातल्या मुलींवर लावून बघा.

आणि हे फक्त मनाला लागतं असंही नाही. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातली एक बातमी आली होती. एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा कारण निघालं त्या लावत असलेली गोरं करणारी क्रीम. तिच्यात पारा होता. पारा त्वचेतला रंग तयार व्हायची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीवर घाला घालतो. आपल्या नियमानुसार अशा क्रीममध्ये पारा घालायला परवानगी नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त चालत नाही. तरी बिननावाच्या, बिनपत्त्याच्या डब्या विकल्या जातात. हळद पिऊन कोणाचं नुकसान होत नव्हतं. आता होतंय.

उतारा

बदल होतच नाही असं समजू नका. जाहिरातींच्या मानक परिषदेनं 2014 मध्ये नियम केला, की सावळ्या माणसाला दुःखी, अपयशी दाखवायचं नाही. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'ची 'ग्लो अँड लव्हली' झाली. नाव बदललं. नजर बदलायची आहे. नॉर्वेनं कायदा केला, की जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा बदलली असेल तर तसं लिहा. ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. ते किती साधेल, काळ ठरवेल.

पण कायदा येईस्तोवर घरात काय? मी वडीलधाऱ्यांना हात जोडून सांगतो. हळदीला, बारशाला पोर भेटली की पहिलं वाक्य काय असतं? 'अगं, किती काळी पडलीस!' 'जाडी झालीस गं!' 'काय रे, खात नाहीस का?' आपल्याला ही माया वाटते. पोर ते वाक्य घरी नेते आणि मोबाइल उघडते. यंत्र तिची वाटच बघत असतं. भेटल्यावर दुसरं काही विचारता येतं की! काय शिकतेस? कामावर कसं चाललंय? कबड्डीत किती गुण काढलेस?

आणि तरुणांना सांगतो, एखादा चेहरा बघून मन खट्टू झालं तर दोनच प्रश्न विचारा. हा आरसा कोणाचा आहे? आणि माझं तोंड पडलं तर कोणाची डबी खपणार? तुम्ही तर गोदामाच्या गावचे. माल कसा हलतो हे तुम्हाला शहाण्यासुरत्या माणसांपेक्षा जास्त कळतं.

(व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीनं विचारलं : 'सर, मग आम्ही मेकअप करायचाच नाही का?')

अगं, खुशाल कर. नटणं हा आनंद आहे आणि तो माणसाइतकाच जुना आहे. बालगंधर्व तासन् तास रंग लावत. पण तो रंग आहे, हे त्यांना माहीत होतं आणि थिएटरात बसलेल्या शेवटच्या माणसालाही माहीत होतं. नाटक संपलं की रंग उतरायचा आणि नारायणराव घरी जायचे. फिल्टर लाव, हरकत नाही. फक्त तो उतरवल्यावर जो चेहरा उरतो, त्याच्याकडे परका असल्यासारखं बघू नकोस. तोच तुझ्या आईचा आहे, आजीचा आहे.